काचेतली वरमाला

पुष्पाबाई मोहाडीला आल्या तो आठवडी बाजाराचा दिवस होता. त्यामुळे त्यांची गाडी देवाजीच्या दारात थांबताना निम्म्या गावाने पाहिली. गावाने पाहावं म्हणूनच त्यांनी तो दिवस धरला होता, असं देवाजीच्या बायकोचं, रुखमिणीचं, पुढे कायमचं मत झालं.

पुष्पाबाई म्हणजे अंजूची आधीची सासू. देवाजी आणि रुखमिणीची ही एकुलती मुलगी शहापूरला दिली होती, हायवेला लागून असलेल्या घरात, भुपेंद्रला. ती तिथे पाच वर्षं नांदली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून आल्यावर पुष्पाबाईंनी तिला चार दिवस आराम करायला म्हणून माहेरी पाठवलं, आणि आराम चालू असतानाच वकिलाचा माणूस सह्या घ्यायला आला. भुपेंद्र स्वतः आला नाही. त्याने फोनही केला नाही.

माहेरी येऊन अंजू वर्षभर कोणाशी फारशी बोलली नाही. मग मावसबहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याच्या एका लॉनवर गेली असताना दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाहिलं, की स्टेजवरची सगळी फुलं ट्रॉलीत भरून फेकायला चालली आहेत. त्यात हायड्रेंजियाचे निळे गुच्छ होते. एकेक गुच्छ फुलकोबीच्या गड्ड्याएवढा, चार-चार पाकळ्यांच्या शेकडो बारक्या फुलांचा. आपल्याकडे हे फूल येत नाही, थंड मुलखातून बर्फाच्या पेटीत येतं. तिने दोन गुच्छ उचलून आणले, पितळेच्या गडव्यात बोटभर पाणी घालून धानाच्या कोठीच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले आणि विसरून गेली. पाणी आटलं. फुलं मात्र तशीच उभी राहिली, कागदासारखी, रंग थोडा उतरलेला पण निळाच.

तिथून तिचं काम सुरू झालं. मोबाईलवर बघून आणि स्वतः चुकून ती शिकली. जून झालेलं फूल पाण्यात उभं ठेवून आपोआप वाळतं. कोवळं फूल तसं ठेवलं की मान टाकतं, त्याला डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत गाडून ठेवावं लागतं. पाकळी लवकर वाळते, दांडा आणि फुलाचा गाभा उशिरा. दांडा वाकवून बघायचा. काडकन मोडला तर वाळला. नुसता वाकला तर आत अजून ओल आहे. अशी ओल ठेवून काचेत बंद केलेली तिची पहिली फ्रेम पावसाळ्यात बुरशीने काळी पडली होती. तेव्हापासून ती घाई करत नसे.

धनंजय नावाचा भंडाऱ्याचा डेकोरेशनवाला तिला उरलेली फुलं आणून द्यायचा आणि वाळलेले गुच्छ हॉटेलांसाठी घेऊन जायचा. पुढे लोक लग्नातल्या वरमाला काचेत ठेवून घेऊ लागले, तसं तेही काम तिच्याकडे येऊ लागलं. देवाजीने कोठीच्या खोलीत तिला फळ्या ठोकून दिल्या. रुखमिणी शेजारणींना म्हणायची, माझी अंजू आता बोलते.

पुष्पाबाई ओसरीवर येऊन बसल्या. भुपेंद्र गाडीतच बसून राहिला, काच वर करून.

"काहून वो अंजू, ओळख नाही दाखवत?"

"बसा," अंजू म्हणाली. त्या बसलेल्याच होत्या.

"भुपेंद्रचं लगन झालं. कळलंच असन तुले."

"कळलं."

"लाखांदूरकडची पोरगी आहे. गुड्डी नाव. गोरीपान आहे." त्यांनी सोबतच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण काढलं. आत दोन वरमाला होत्या, पांढऱ्या आणि निळ्या हायड्रेंजियाच्या, तारेत ओवलेल्या. "ह्या काचेत पायजेत. धनंजय म्हने, जिल्ह्यात हे काम अंजूशिवाय कोनाले जमत नाही. मी म्हटलं, मंग बाहेर कायले जाता? घरचीच आहे."

पुष्पाबाईंनी आवाज थोडा खाली आणला, पण दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या रुखमिणीला ऐकू जाईल इतकाच.

"पोटातलं तर तुले टिकोता नाही आलं. दोन्ही बारीनं. फुलं टिकोतेस म्हन्ते. तेवढं तरी कर आमच्या घरासाठी."

रुखमिणी तांब्या घेऊन तशीच आत वळली.

"ठेवा," अंजू म्हणाली. "वेळ लागन."

गाडी गेल्यावर रुखमिणी बाहेर आली. "बोडीत फेकून दे ते," ती म्हणाली. बोडी म्हणजे घरामागचं लहान तळं. "नाहीतर मले दे, मी फेकते."

"काम आहे, माय. काम म्हनून करीन."

आणि तिने खरंच तसं ठरवलं होतं. तिने वरमाला सोडवल्या, एकेक गुच्छ तारेतून मोकळा केला, डागाळलेल्या पाकळ्या चिमट्याने काढल्या. फुलांत अक्षता अडकलेल्या होत्या, हळदीने पिवळ्या झालेल्या. तिने त्या वेचून बाजूला ठेवल्या. मग डब्यात जेलचा थर, त्यावर फुलं, पुन्हा वरून दाणे, हळूहळू, पाकळी दुमडणार नाही असे. फुलं पुष्कळ होती आणि डबे कमी, म्हणून पाळीपाळीने वाळवावी लागली. मे महिना उलटून गेला.

शेवटची पाळी डब्यात असताना पुष्पाबाईंचा फोन आला.

"झालं का वो?"

"आनखी आठेक दिवस लागतीन. गाभा वाळला नाही."

"आठ दिवस नको. सोमवारी घरी पूजा आहे, चार लोक येनार. तूच घेऊन ये. गुड्डीले पाहून बी होईन तुह्यं." मग थोडं थांबून, मजेत, "तिले दिवस गेले. पहिल्याच महिन्यात. काहीकाहीचं अंग तसंच राहते पाह्य, लावलं का लागलं."

अंजूने फोन ठेवला. कोठीच्या खोलीत गेली, डबा उघडला, जेल ब्रशने झाडलं. पाकळ्या सुरेख वाळल्या होत्या. तिने एका गुच्छाचा दांडा वाकवला. तो वाकला, मोडला नाही. दुसरा घेतला. तोही वाकला.

मग तिने फ्रेम काढली, पांढऱ्या मखमलीवर दोन्ही वरमाला पुन्हा गुंफल्या, कोरडे गुच्छ कडेला आणि ओले मधोमध. प्रत्येक फ्रेमच्या मागे ती जेलची एक पुडी लपवून ठेवत असे, हवा कोरडी राहावी म्हणून. ह्या फ्रेममध्ये तिने पुडी ठेवली नाही. काच बसवली आणि कडेने सिलिकॉनची पिचकारी इतकी नीट फिरवली की मुंगीलाही आत जायला जागा राहिली नाही. फ्रेम भिंतीला टेकवून तिने पाहिली. आजवर केलेल्या सगळ्यांत ती चांगली दिसत होती. त्या संध्याकाळी अंजू पोटभर जेवली आणि रुखमिणीला वाटलं, पोरीने मनावरून काढून टाकलं.

सोमवारी ती फ्रेम घेऊन शहापूरला गेली. घरात पाहुणे होते. पुष्पाबाईंनी तिला सगळ्यांसमोर बोलावलं, "आमची आधीची सून," अशी ओळख करून दिली आणि फ्रेम स्वतःच्या हाताने वर धरून दाखवली. काचेवर बोटांचे ठसे उमटले. अंजूने सवयीने काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि पदराने ते पुसले.

गुड्डी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वीस वर्षांचीही नसेल. नवी साडी तिला आवरत नव्हती. अंजूची नजर तिच्या पोटाकडे गेली. पोट अजून सपाटच होतं.

"किती दिवस टिकते, ताई?" गुड्डीने विचारलं.

"जनमभर," पुष्पाबाई म्हणाल्या. "हो ना वो अंजू?"

"हो," अंजू म्हणाली.

फ्रेम आतल्या खोलीत पलंगाच्या उशाशी लावली गेली. ती खोली अंजूची होती, पलंगही तोच होता. निघताना गुड्डी चहाचा कप घेण्याच्या निमित्ताने तिच्यामागे ओसरीपर्यंत आली आणि घाईघाईने, खालच्या आवाजात म्हणाली, "मी आत्यांले म्हटलं होतं, त्यायले नका देऊ हे काम, त्यायले दुखन म्हनून. आत्यांनं आयकलं नाही. तुम्ही मनावर घेऊ नका." सासूला ती आत्या म्हणत होती.

अंजू थांबली. त्या क्षणी परत आत जाऊन, काहीतरी चुकलंय, आठ दिवस द्या, असं म्हणता आलं असतं. तेवढंच म्हणायचं होतं. तिने कप गुड्डीच्या हातात दिला आणि बस थांब्याकडे चालायला लागली.

श्रावणात एका दुपारी गुड्डी एकटीच मोहाडीला आली. एसटीतून उतरून, विचारत विचारत. काखेत चादरीत गुंडाळलेली फ्रेम होती. तोंड ओढल्यासारखं झालं होतं आणि हातात बांगड्यांच्या जागी नुसता दोरा होता.

तिने ओसरीवर चादर सोडली. रुखमिणीने नाकाला पदर लावला, वास येत नसतानाही. काचेच्या आत मधोमध राखाडी लव आली होती, त्याखाली फुलं काळी पडून एकमेकांना चिकटली होती. मखमलीवरून तपकिरी पाणी ओघळून फ्रेमच्या तळाशी साचलं होतं. फक्त कडेचे निळे गुच्छ तसेच होते, पहिल्या दिवशीसारखे.

"हे केव्हा झालं?" अंजूने विचारलं, तिला ठाऊक असूनही.

"पहिलं पानी पडलं तवापासून. आधी बारीक ठिपका दिसला. मी कोनाले सांगतलं नाही, वरतून माझी ओढनी टाकून ठेवत होती." गुड्डी फ्रेमकडे न बघता बोलत होती. "मंग माझं पोट गेलं. दवाखान्यातून आली तं आत्यांनं ओढनी काढून पाहिलं. तवापासून मले चुलीजवळ नाही येऊ देत. म्हन्ते, जिची वरमाला सडली ते घर सडवन. ताट वेगळं काढून ठेवलं. भुपेंद्र मागच्या खोलीत झोपतात."

"तुह्या घरी सांगतलं?"

"बाबा आले होते. आत्यांनं त्यायले फ्रेम दाखवली. बाबा काही बोललेच नाही, चहा पिऊन चालले गेले." मग तिने पहिल्यांदाच अंजूकडे सरळ पाहिलं. "ताई, तुमच्या बारीनं बी असंच केलं होतं का त्यायनं? आधी ताट वेगळं?"

अंजूच्या वेळीही ताटापासूनच सुरुवात झाली होती.

"आराम कर म्हनून माहेरी पाठवू म्हन्तात मले," गुड्डी म्हणाली. "तुम्ही ह्यात नवी फुलं टाकून द्या. तशीच, निळी. मी गुपचूप लावून देईन. म्हनीन, आपोआप नीट झालं. देवाचं केलं म्हनीन. काहीतरी म्हनीन."

"नव्या फुलानं नाही होनार," अंजू म्हणाली. "ही फुलं मीच खराब केली. ओलीच बंद केली मी. मले माहीत होतं असं होईन म्हनून. जानूनबुजून केलं."

गुड्डी रडेल, अंगावर येईल, असं रुखमिणीला वाटलं. तसं काही झालं नाही. तिने चादर पुन्हा फ्रेमभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि उभी राहिली.

"मंग चाला. आत्यांसमोर सांगा."

रुखमिणीने अंजूचा दंड धरला. "जाऊ नको. तिथं जाऊन तुह्यं कोनी आयकनार नाही."

"मले जाऊ दे, माय. तिचा काही दोष नाही ह्याच्यात."

शहापूरला पोचल्या तेव्हा ओसरीवर पुष्पाबाई आणि शेजारच्या शकुनबाई तांदूळ निवडत होत्या. भुपेंद्र आत होता. अंजूने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाभा कसा ओला होता, पुडी कशी ठेवली नाही, काच कशी बंद केली. बोलताना तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल, पण कापला नाही. गुड्डीचा ह्यात काही संबंध नाही, असं ती दोनदा म्हणाली.

पुष्पाबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला सरकवलं.

"ओली ठेवली म्हंजे? काय लावलं त्याले?"

"काही नाही लावलं. वाळू दिली नाही फक्त."

"आन मनात काय होतं तुह्या? काच लावली तवा?"

अंजूने सुपातल्या तांदळाकडे पाहिलं.

"खोटं बोलू नको. इथवर आलीस तं खरं सांग."

"खराब व्हावं असं होतं."

"काय खराब व्हावं?" पुष्पाबाईंनी अगदी शांतपणे विचारलं. "फुलं का पोट?"

फुलं, एवढंच म्हणायचं होतं. अंजूला तो शब्द लगेच सापडला नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर आपल्या मनात नेमकं काय होतं ते ती आठवू लागली, आणि तेवढ्या वेळात शकुनबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि त्या उठून उंबऱ्याच्या आत गेल्या.

"आयकलं?" पुष्पाबाई गुड्डीला म्हणाल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्या तिच्याशी सरळ बोलत होत्या. "करनी केली हिनं तुह्यावर. आपल्याच घरात येऊन. अन् मी तुले बोलत होती, पोरी."

गुड्डीने सासूकडे पाहिलं. मग अंजूकडे. अंजूला वाटलं, आता ही म्हणेल, नाही आत्या, फुलाला ओल होती, ओलीने बुरशी येते.

"मी पाहिलं होतं," गुड्डी म्हणाली. "आनून दिलं त्या दिवशी ह्या माझ्या पोटाकडे पाहून राहिल्या होत्या. आन काचेवर तोंडानं फुंकर मारली होती."

"ती वाफ होती," अंजू म्हणाली. "डाग पुसाले."

"फुंकर मारली आन पदर फिरवला," गुड्डी म्हणाली. आधी तिचा आवाज बारीक होता, आता नव्हता. "तीनदा."

पुष्पाबाईंनी हात पुढे केला आणि गुड्डी जाऊन त्यांच्या कुशीत बसली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. भुपेंद्र बाहेर आला. गुड्डीच्या हातातलं चादरीचं गाठोडं त्याने घेतलं, सोडलं आणि फ्रेम अंगणात आपटली. काच फुटली. तेव्हा मात्र खरंच वास सुटला. आजूबाजूच्या घरांतून बाया बाहेर आल्या.

"तुह्यं आहे ते," पुष्पाबाई म्हणाल्या. "इथं ठेवू नको. एक पाकळी राहता कामा नये माझ्या अंगनात."

अंजूने भुपेंद्रकडे पाहिलं. तो पायाने काचेचे तुकडे तिच्या दिशेने सरकवत होता. ती खाली बसली आणि वेचू लागली. काळा लगदा, तारा, काचा, सगळं पदरात. कोणी झाडू दिला नाही की कागद दिला नाही. बोटं कापली. बाया गोल करून उभ्या होत्या आणि ती जिकडे सरकेल तिकडून मागे हटत होत्या. एक पोर पुढे आलं तेव्हा त्याच्या आईने त्याला पाठीत धपाटा घालून मागे ओढलं. सगळं गोळा झाल्यावरही पुष्पाबाई बोट दाखवत राहिल्या, तिथं एक, तुळशीजवळ एक. कडेचे निळे गुच्छही तिने उचलले. ते अजून कोरडे होते, हातात चुरले.

हायवेच्या कडेने ती पदर धरून गाव मागे पडेपर्यंत चालली. मग एका नालीत पदर झटकला.

ती घरी पोचायच्या आधी गोष्ट मोहाडीला पोचली होती. देवाजी म्हणाला, पोलीस ठाण्यात जाऊ, एखाद्या बाईला करणीवाली म्हणणं आता गुन्हा आहे, कायदा आहे. त्याने धोतर बदललं, चपला घातल्या आणि दारात उभा राहिला.

"त्यायनं विचारलं, तुह्या मनात काय होतं, तं काय सांगू बाबा?" अंजू म्हणाली.

देवाजीने चपला काढल्या.

धनंजय दिवाळीपर्यंत आला नाही. आला तेव्हा गाडीतून उतरला नाही. "माझं काही नाही, ताई," तो म्हणाला. "मी मानत नाही हे. पन लगनघरची मानसं विचारतात, कोनाकडून करून घेता. फूल तुमच्या हाती गेलं म्हटलं का आडर तोडतात." त्याने आधी नेलेले वाळलेले गुच्छही परत दिले. फळ्यांवरचे गुच्छ कोठीच्या अंधारात पडून राहिले. धान आलं तेव्हा देवाजीला जागा लागली. रुखमिणीनेच एकेक फळी रिकामी केली. हायड्रेंजिया चुलीत फार चटकन पेटतो, ज्वाला होते आणि लगेच विझतो. रुखमिणीने आठवडाभर चूल त्यावर पेटवली.

अंजू शिवणकाम करू लागली. मोहाडीत तिला ब्लाऊज शिवायला देणाऱ्या बाया होत्या, पण लग्नाचा ब्लाऊज कोणी देत नसे. बाजारात तिच्या पुढे-मागे थोडी जागा मोकळी राहायची, आणि गर्दीच्या दिवशी ती जागा तिला बरी वाटू लागली होती.

दीड-दोन वर्षांनी अस्तर आणायला ती भंडाऱ्याला गेली होती. परतीच्या बससाठी स्टँडवर बाकावर बसली असताना शेजारी कोणीतरी पिशव्या टेकवल्या. पाहते तर गुड्डी. अंगाने भरली होती. मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ होतं, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. लाखांदूरच्या गाडीची पाटी ती मान उंच करून शोधत होती. सोबत कोणी नव्हतं. स्टँडवर शहापूरचं कोणी नव्हतं, ओळखीचं असं एकही माणूस नव्हतं.

"बरी आहेस?" अंजूने विचारलं.

गुड्डी दचकली. "हो," ती म्हणाली, आणि सवयीने, "ताई."

"मुलगा का मुलगी?"

गुड्डीने पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं, नीट, चारही बाजूंनी खोचून, आणि त्याला छातीशी घेऊन बसली. ते आतून कुरकुरलं तरी तिने पदर काढला नाही. तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती.

हे ती कोणाला दाखवायला करत नव्हती. बघायला कोणी नव्हतंच.

अंजू उठली. अस्तराची पिशवी घेऊन स्टँडच्या दुसऱ्या टोकाला, उन्हात, जाऊन उभी राहिली. मोहाडीची गाडी ह्या टोकाला लागत नाही. ती पलीकडे, गुड्डी बसली होती तिकडे लागली, भरली आणि सुटली. अंजू पुढच्या गाडीने घरी गेली.